लॉकेटवरलं जेडचं चिनी अक्षर कसं ओळखाचं
भावाच्या पोरानं यात्रेतून हिरव्या दगडाचं लॉकेट आणलं, दगड खरा का काच थे सोडा, मागचं चिनी अक्षर पाहा. आडव्या तीन रेघा, मधातून एक उभी अन् खाली उजवीकडं ठिपका असन तं थे 'यू', म्हणजे जेड नावाचा मौल्यवान दगड. ठिपका नसन तं 'वांग', म्हणजे राजा, इथंच सारे फसतात. लिहाचं असन तं आंगणात काडी घ्या, दोन आडव्या, मंग उभी, मंग खालची आडवी, शेवटी ठिपका, पाच फटक्यांत काम खतम. पोळ्याले बैलाच्या गळ्यात घुंगरमाळ घालतो ना, तसेच दोरीत ओवलेले जेडचे तुकडे म्हणजे हे अक्षर, उभी रेघ म्हणजे दोरी.

आता खरी मजा. हे अक्षर दुसऱ्याच्या डावीकडं जाऊन बसलं का ठिपका गायब होते, पण अर्थ जेडचाच. तसंच एक अक्षर 'ज्यूए', म्हणजे एका जागी तुटलेली जेडची कडी. चिनीत 'ठरवणं' या शब्दाचा उच्चारही तोच, म्हणून इ.स.पू. 206 मध्ये चीनमधल्या होंगमेनच्या मेजवानीत सल्लागार फान झेंगनं आपल्या सेनापतीले, शियांग यूले, थे कडी तीनदा उचलून दाखवली, का बा ठरव लवकर अन् तुह्या वैऱ्याले, लिऊ बांगले, आत्ताच मार. शियांग यू गप्पच बसला, पुढं लिऊ बांगच बादशहा झाला.