जुन्या कॅमेऱ्यात रोल भरताय? मग या चुका टाळा (आणि एक मात्र मुद्दाम करा)

माळ्यावरून आजोबांचा आग्फा क्लिक थ्री खाली काढला, फडक्याने पुसला, खटका दाबला, आतून छान 'टक्' वाजलं आणि मला वाटलं चला, आपण आता फोटोग्राफर. पहिल्या रोलचे बारापैकी दोन फोटो आले. एकात आत्या, पण कपाळापासून वर गायब. दुसऱ्यात नुसता माझा अंगठा, तो मात्र झकास.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, क्लिक थ्री म्हणजे बडोद्यात बनलेला साधा डबा कॅमेरा, एकेकाळी बऱ्याच घरांत असायचा. त्यात १२० चा (रुंद फिल्मचा) रोल बसतो आणि ६ बाय ६ सेंटीमीटरचे बारा चौकोनी फोटो निघतात. सेटिंग म्हणाल तर ऊन आणि ढग, बस्स. मजा त्यातच आहे, कारण ठरवायला काही नसल्यामुळे बघायला वेळ मिळतो, पण तो डबा काय करू शकत नाही हे आधी कळायला हवं.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे जवळ जाणं. फोनची सवय असते ना, नाकाला नाक लावून फोटो काढायची, इथे ते चालत नाही. फोकस फिक्स असतो, दहा फुटांच्या आत कुणी आलं की चेहरा पिठल्यासारखा मऊ. शिवाय आपण बघतो वरच्या खिडकीतून आणि फोटो घेते खालची लेन्स, त्यामुळे जवळच्या माणसाचं डोकं उडतं (आत्याचं तेच झालं). चार पावलं मागे सरका आणि डोक्यावर जरा जास्त जागा सोडा.

दुसरी, खटका झटक्यात दाबणं. या डब्यांचा शटर स्पीड (खटका दाबल्यावर उजेड आत येत राहतो तो वेळ) साधारण १/३० सेकंद, म्हणजे हात जरा हलला की फोटो गेला. वाईला मेणवलीच्या घाटावर मी अख्खा अर्धा रोल असा घालवलाय, पायऱ्या इतक्या सुंदर आणि फोटोत सगळ्या दोन-दोन. आता कोपर बरगडीला टेकवतो, खांब किंवा भिंत दिसली तर पाठ टेकवतो, श्वास सोडतो आणि मग बोट हळूहळू खाली. हसू नका, फरक पडतो.

रोल कुठला घ्यायचा यात पण लोक गोंधळतात. कडक उन्हात १०० आयएसओ (आकडा मोठा तेवढा रोलला उजेड कमी लागतो) भरपूर झाला, कारण हा डबा तसाही उजेड जास्तच आत घेतो. पावसाळ्यात, ढगाळ दिवशी ४०० घ्या. निगेटिव्ह रोलला उजेड जास्त झाला तर तो निभावून नेतो, कमी पडला तर काही करता येत नाही, सावलीत काही नोंदलंच गेलं नसेल तर लॅबवाला तरी काय काढणार. म्हणून शंका आली की जास्त उजेडाच्या बाजूने चुका. एक्स्पायर रोलला अंदाजाने दर दहा वर्षांमागे एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त उजेड द्यायचा असं सगळे करतात, पण ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा जुना 'इंदू' रोल कुणाच्या कपाटात सापडला तर त्याच्यावर भाचीच्या बारशाचे फोटो काढू नका प्लीज, तो खेळायला ठेवा.

आता ती तांबडी खिडकी. १२० च्या रोलला मागे कागद असतो, त्यावरचे आकडे या खिडकीतून बघत चावी फिरवायची. पूर्वीच्या बऱ्याच रोलना तांबडा उजेड दिसायचाच नाही त्यामुळे काही बिघडायचं नाही, आजच्या रोलना तो दिसतो आणि कागदातून थोडा झिरपतोसुद्धा. म्हणून खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि फक्त चावी फिरवताना सावलीत उचला. रोल भरणं-काढणंही सावलीतच. संपल्यावर बाहेर काढताना बोटांनी घट्ट धरा, ढिला सुटला की कडेने उजेड लागतो, आणि शेवटची पट्टी पोस्टाच्या पाकिटासारखी जिभेने ओली करून चिकटवा.

३५ एमएमवाल्यांची (डबीतला छोटा रोल वापरणाऱ्यांची) चूक वेगळीच. माझ्या एका मित्राने चुलतभावाच्या लग्नात जुन्या एसएलआरवर धडाधड फोटो काढले, ३६ चा रोल आणि काउंटर ३९, ४० करत चाललेला, हा खूश की बघ किती पुरवठ्याला येतोय. रोल पुढे सरकतच नव्हता! टोक स्पूलमध्ये (रोल गुंडाळला जातो त्या रिळात) अडकलंच नव्हतं. ओळखायची युक्ती सोपी आहे, रोल भरल्यावर डावीकडची रिवाइंडची घुंडी हलकेच फिरवून ताण घ्या आणि मग दर वेळी लिव्हर ओढताना ती घुंडी गोल फिरतेय ना ते बघा. नाही फिरली तर परत भरा, नवरदेव थांबेल.

आणि रोल धुऊन आल्यावर कोरा निघाला तर लगेच लॅबशी भांडू नका, आधी निगेटिव्हची कड बघा. कडेला कंपनीचं नाव आणि आकडे छापलेले असतात. ते स्पष्ट दिसतायत पण फोटोंच्या जागा पारदर्शक, म्हणजे लॅबने काम बरोबर केलंय, उजेड आतच गेला नाही: रोल सरकला नसेल, शटर अडकलं असेल नाहीतर लेन्सचं झाकण तसंच राहिलं असेल. आकडेसुद्धा गायब असतील तर मात्र धुण्यातच गडबड. सगळी पट्टी काळीकुट्ट, अगदी कडेपर्यंत, म्हणजे रोललाच उजेड लागला. आणि दर फोटोत त्याच जागी पांढुरका पट्टा येत असेल तर कॅमेऱ्यातून उजेड गळतोय, ३५ एमएमच्या जुन्या कॅमेऱ्यांत बहुतेक मागच्या दाराचा स्पंज कुजलेला असतो. मी तिथे काळी लोकर चिकटवली, दोन वर्षं झाली, मस्त चाललंय.

घरी धुणाऱ्यांनो, ब्लॅक अँड व्हाइट रोल धुण्याच्या औषधाला २० अंश म्हणजे २० अंश. मे महिन्यात आपल्या नळाला तीसचं पाणी येतं, त्यामुळे बर्फाची बादली लागतेच.

बाकी सटरफटर: जुनं कातडी कव्हर दिसायला राजेशाही असलं तरी ओल धरतं आणि लेन्सवर बुरशी चढते, कोकणात आणि मुंबईत तर हमखास, तेव्हा कॅमेरा बाहेर काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. कोडॅकचा जुना ब्राउनी कॅमेरा घेताना तो १२० चा आहे की ६२० चा ते विचारा, फिल्म तीच पण स्पूल बारीक, आणि ६२० कोडॅकने १९९५ मध्येच बंद केला. परदेशातून कुणी रोल आणत असेल तर चेक-इन बॅगेत टाकू नको म्हणून सांगा, तिथलं मशीन फिल्म खराब करतं, हातातल्या बॅगेत ठेवून हाताने तपासायची विनंती करायची.

राहिली ती मुद्दाम करायची चूक. क्लिक थ्रीमध्ये चावी न फिरवता परत खटका दाबला तर एकाच जागी दोन फोटो बसतात. मी पहिल्यांदा विसरून केलं आणि आता विसरायचं नाटक करतो. तंत्र एवढंच की पहिल्या फोटोत जे काळं असतं तिथेच दुसरा फोटो उठून दिसतो, आणि दोन्ही वेळा सेटिंग उन्हाचं ठेवायचं. संक्रांतीला आत्या चंद्रकळा नेसून अंगणात उभी होती. एक खटका तिच्यावर. मग चावी तशीच ठेवून परसातला मोहरलेला आंबा आभाळासकट धरला, फक्त तिचा चेहरा फ्रेममध्ये जिथे होता तिथे गर्द पानांचा झुबका येईल असा. चेहरा वाचला आणि काळ्या साडीत पांढरं आभाळ भरून त्यात फांद्या न् फांद्या उमटल्या.

आत्याने फोटो हातात घेतला, चष्मा वर-खाली केला आणि म्हणाली, "बिघडवलास की रे!" मग जरा वेळाने, "याच्या दोन कॉप्या काढ, एक नाशिकला पाठवायचीये."