सही कुणाची, निर्णय कुणाचा? राष्ट्रपती-पंतप्रधान लिहिताना या चुका टाळा

रविवारी सकाळी इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी सात-आठ पोरं येतात. आधी पोहे-जलेबी, मग राज्यघटना, हा क्रम ठरलेला. बहुतेकांचं कोचिंग भंवरकुआला, तयारी एमपीपीएससीची (मध्य प्रदेशची राज्यसेवा परीक्षा), आणि घाई अशी की विचारू नका. 'सर, एक लाइन में बता दो ना' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर पोहे बंद करावेत असं वाटतं. एका ओळीत सांगता आलं असतं तर घटना समितीने जवळपास तीन वर्षं कशाला घालवली असती?

राष्ट्रप्रमुख (राष्ट्रपती) आणि शासनप्रमुख (पंतप्रधान) या प्रकरणात दर वर्षी त्याच चुका होतात. पोरं बदलतात, चुका बदलत नाहीत.

राष्ट्रपतींना राजा समजणं

काही वर्षांपूर्वी एका शाळेने अभिरूप संसद भरवली होती आणि मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. शाळेतला सगळ्यात फर्डा वक्ता कोण, तर त्याला राष्ट्रपती केलेलं, कारण 'सर्वोच्च पद'. पंतप्रधान केलेली मुलगी कमी बोलणारी. ती ओढणीच्या टोकाशी खेळत कोपऱ्यात बसली होती.

राष्ट्रपती शेरवानी घालून आले आणि थेट अध्यक्षांच्या खुर्चीत बसले. मग वीस मिनिटं भाषण. बेरोजगारीवरून स्वतःच्याच सरकारचे वाभाडे काढले, टेबलावर मूठ आपटली आणि 'मी गृहमंत्र्यांना या क्षणी पदावरून दूर करतो' अशी घोषणा केली. टाळ्यांचा कडकडाट. विरोधी पक्षाला राहवेना, त्यांनी अविश्वास ठराव आणला. कुणाविरुद्ध? राष्ट्रपतींविरुद्ध! ठराव पडला, राष्ट्रपती वाचले, पुन्हा टाळ्या. पंतप्रधानबाई अजून ओढणीशीच.

मी गुण कमी दिले. बसवणाऱ्या शिक्षकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, 'काका, पोरांचा उत्साह मारू नका.' उत्साहाला माझी ना नाही हो. पण त्या पाऊण तासात किती गोष्टी उलट्या झाल्या बघा. कलम 87 प्रमाणे राष्ट्रपती अभिभाषण करतात, पण ते लिहितं सरकार, म्हणून तर त्यात 'माझं सरकार' असे शब्द येतात. मंत्री 'राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत' पदावर असतो असं कलम 75 म्हणतं खरं, पण ती मर्जी पंतप्रधानांच्या सल्ल्याने चालते. अविश्वास ठराव येतो मंत्रिपरिषदेविरुद्ध, आणि तोही फक्त लोकसभेत, कारण मंत्रिपरिषद सामूहिकरीत्या लोकसभेला जबाबदार आहे. राष्ट्रपतींना घालवायचं तर महाभियोग, कलम 61, दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं. आजवर तो एकदाही झालेला नाही.

दोष पोरांचा थोडा आणि घटनेच्या भाषेचा जास्त. पानोपानी 'राष्ट्रपती नेमतील', 'राष्ट्रपतींची खात्री झाली असेल तर' असंच लिहिलंय. शब्दशः वाचलं तर बादशहाच दिसतो. म्हणून माझी एक जुनी सवय पोरांच्या गळी उतरवतो. पुस्तकात 'राष्ट्रपती' हा शब्द आला की समासात पेन्सिलीने दोन अक्षरं लिहायची: 'स' म्हणजे सही कुणाची आणि 'नि' म्हणजे निर्णय कुणाचा. अध्यादेश, कलम 123: स राष्ट्रपतींची, नि मंत्रिपरिषदेचा. राज्यपालांची नेमणूक: तेच. तिन्ही सेनादलांचं सर्वोच्च सेनापतिपद: तेच. पंधरा पानं अशी रंगवली की प्रकरण डोक्यात बसतं. कोचिंगच्या 'अधिकारांची यादी' छापाच्या नोट्सपेक्षा हे हळू चालतं हे मान्य. पण मी कुठे पळायला सांगितलंय?

आणि ही समज 1976 ची नाही, हेही लक्षात ठेवा. राष्ट्रपती सल्ल्यानेच वागतात, असं सर्वोच्च न्यायालय 1955 पासून म्हणत आलंय. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने ते कलम 74 मध्ये स्पष्ट लिहिलं आणि 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. 'बेचाळिसाव्या दुरुस्तीने राष्ट्रपतींचे अधिकार काढून घेतले' असं लिहिलंत तर तपासणाऱ्याला कळतं की तुम्ही सारांश वाचलाय.

मग घाबरून रबर स्टॅम्प लिहिणं

वरची चूक सुधारली की पोरगं दुसऱ्या टोकाला जातं: 'राष्ट्रपती हे नामधारी प्रमुख असून त्यांना कोणताही अधिकार नाही.' हे वाक्य दिसलं की मी पेन खाली ठेवतो आणि बायकोला चहाचं विचारतो.

लोकसभेत कुणालाच बहुमत नसतं तेव्हा पंतप्रधान कोण हे कोणाच्या सल्ल्याने ठरवायचं? सल्ला देणारं नवं सरकार तर अजून जन्मायचंय. तिथे 'स' आणि 'नि' दोन्ही एकाच माणसाकडे येतात. मे 1996 घ्या. भोपाळचे शंकर दयाळ शर्मा राष्ट्रपती. त्यांनी सगळ्यात मोठ्या पक्षाचे नेते म्हणून आपल्या ग्वाल्हेरच्या अटलजींना बोलावलं. सरकार तेरा दिवस टिकलं. 1998 मध्ये तोच प्रसंग, पण के. आर. नारायणन यांनी आधी पाठिंब्याची पत्रं मागितली. माणूस बदलला, रीत बदलली. 1979 मध्ये नीलम संजीव रेड्डींनी चरणसिंगांना बोलावलं आणि ते लोकसभेला पंतप्रधान म्हणून सामोरे न जाताच राजीनामा देऊन बसले.

परत पाठवण्याची मुभा कागदावरच राहिली असंही नाही. ऑक्टोबर 1997 मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावायची शिफारस नारायणन यांनी फेरविचारासाठी परत केली आणि सरकारने ती सोडून दिली. 2006 मध्ये अब्दुल कलामांनी लाभाच्या पदाचं विधेयक (खासदाराला कुठली सरकारी पदं चालतात याचं) परत केलं. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं, मग त्यांनी सही केली, कारण दुसऱ्या खेपेला नाही म्हणता येत नाही. झैलसिंगांनी त्याहून मजेदार केलं. 1986 च्या टपाल विधेयकावर सहीही नाही, परतही नाही, फक्त ठेवून दिलं. किती दिवसांत निर्णय घ्यायचा हे कलम 111 सांगतच नाही. कागद दाबून ठेवणं ही आपल्याकडची जुनी कला, ती राष्ट्रपतिभवनातही उपयोगी पडली.

'सर्व सदस्य' की 'निवडून आलेले सदस्य'

इथे मी स्वतः तोंडावर पडलोय, म्हणून सविस्तर सांगतो.

मोहल्ल्याच्या गणेशोत्सवात प्रश्नमंजूषा होती आणि प्रश्न विचारायला मीच. महाभियोगात मतदान कोण करतं, असा प्रश्न. आठवीतला एक मुलगा म्हणाला, 'दोन्ही सभागृहांचे सगळे सदस्य, नामनिर्देशितसुद्धा.' (म्हणजे निवडून न येता नेमलेले.) मी ऐटीत 'चूक' म्हणून पुढच्या संघाकडे वळलो. मागून एक आजोबा काठी टेकत उठले. 'मास्तर, कलम 61 वाचा. तिथे निवडून आलेले असं कुठे आहे?' मांडवात शांतता. मी घरून पुस्तक मागवलं, वाचलं, आणि त्या पोराला गुणही दिले नि माझ्या ताटातले मोदकही.

माझी गल्लत सगळ्यांचीच होते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत फक्त निवडून आलेले: दोन्ही सभागृहांतले खासदार आणि विधानसभांचे आमदार, दिल्ली-पुदुच्चेरी धरून. राज्यसभेचे बारा नामनिर्देशित सदस्य बाहेर. महाभियोगात नामनिर्देशित आत, पण आमदार बाहेर. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत संसदेचे सगळे, राज्यांचं कुणीच नाही. हे पाठ करू नका. एकदा स्वतःच्या हाताने तीन रकाने आखा. दुसऱ्याने आखलेल्या रकान्यांचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवणं म्हणजे अभ्यास नव्हे, ते स्वतःचं समाधान.

विधान परिषदेचे आमदार यात कुठेच नाहीत. आपल्या मध्य प्रदेशात विधान परिषदच नसल्याने इथल्या पोरांना हा फरक दिसतच नाही. पुण्याच्या आत्येभावाला मात्र तो लगेच कळतो.

राष्ट्रपतींच्या निवडणुकीतल्या मतांचं मूल्यही एकदा कागदावर करून बघा. 1971 ची लोकसंख्या घ्यायची, तिला विधानसभेच्या निर्वाचित जागांनी भागायचं, मग हजाराने. आपल्या एका आमदाराचं मूल्य येतं 131. असे 230, म्हणजे 30,130. महाराष्ट्राचे 175 गुणिले 288, म्हणजे 50,400. सिक्कीमच्या आमदाराचे फक्त 7, तर उत्तर प्रदेशच्या आमदाराचे 208. आणि 'खासदाराच्या मताचं मूल्य 708' हे घोकून ठेवलेल्यांनी पाहावं की 2022 मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा नव्हती, तिथल्या आमदारांची मतं बेरजेतून गळाली, तेव्हा ते 700 झालं होतं. आकडा पाठ करणारा फसतो, भागाकार येणारा फसत नाही.

सातारा आणि पुणे

मराठी घरातली पोरं हमखास ही उपमा देतात: राष्ट्रपती म्हणजे साताऱ्याचे छत्रपती, पंतप्रधान म्हणजे पुण्याचे पेशवे. होळकरांच्या गावात राहिल्यावर हे सुचणारच. शिवाय पेशव्यांना पंतप्रधान म्हणतच असत, तोच शब्द मराठीने पुढे वापरला. इथे इंदूरला घरात आपण 'प्रधानमंत्री' म्हणतो ती गोष्ट वेगळी.

उपमा अर्ध्या वाटेपर्यंत बरी चालते. वस्त्रं साताऱ्याहून यायची, कारभार पुण्याहून व्हायचा. पण पेशवाई बापाकडून मुलाकडे गेली, आणि शनिवारवाड्यात मतदान घेऊन पेशव्याला घरी बसवण्याची सोय नव्हती. 17 एप्रिल 1999 ला अटलजींचं सरकार 269 विरुद्ध 270 असं एका मताने पडलं. संसदीय पद्धतीचा सगळा जीव त्या एका मतात आहे, आणि उपमेत नेमकं तेच नाही. गप्पांत वापरा, उत्तरपत्रिकेत नको.

बाकीच्या, झटपट

पंतप्रधान लोकसभेचाच हवा: नाही. 1966 मध्ये इंदिरा गांधी राज्यसभेच्या सदस्य होत्या, मनमोहन सिंग दहाही वर्षं राज्यसभेत होते. देवेगौडा तर शपथ घेताना संसदेच्या कुठल्याच सभागृहात नव्हते. सहा महिन्यांत निवडून यावं लागतं, इतकंच.

लोकसभा विसर्जित झाली की मंत्रिपरिषदही संपते: नाही. नवं सरकार येईपर्यंत तीच काम बघते, नाहीतर सल्ला कोण देणार?

राष्ट्रपतींचं निधन झालं की उपराष्ट्रपती उरलेल्या मुदतीसाठी राष्ट्रपती होतात: ते अमेरिकेत. आपल्याकडे ते फक्त काम पाहतात, सहा महिन्यांत निवडणूक होते आणि नव्या राष्ट्रपतींना पूर्ण पाच वर्षं मिळतात. 1969 मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन गेले, उपराष्ट्रपती गिरींनी काम पाहिलं, मग निवडणूक लढवायला गिरींनीही राजीनामा दिला. तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर राष्ट्रपतींचं काम बघत होते. ते त्याआधी आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशही होते, पण इथल्या पोरांना हे माहीत नसतं.

लोकसभेचे अध्यक्ष राष्ट्रपती नेमतात: इंदूरच्या मुलाने तरी हे लिहू नये. आपल्या इंदूरच्या सुमित्राताई महाजनांना 2014 मध्ये सभागृहानेच निवडलं होतं.

उपपंतप्रधान हे घटनात्मक पद: घटनेत शब्दच नाही.

संसदीय लोकशाही म्हणजे संसदीय प्रजासत्ताक: ब्रिटन आणि जपानला संसद आहे, पण प्रमुखपद वंशपरंपरेचं. आपणही 15 ऑगस्ट 1947 पासून 26 जानेवारी 1950 पर्यंत प्रजासत्ताक नव्हतो, गव्हर्नर जनरल होते. बार्बाडोसने 2021 मध्ये राणीऐवजी राष्ट्रपती आणला, पंतप्रधान तसाच ठेवला.

राष्ट्रपती थेट जनतेने निवडला की अध्यक्षीय पद्धत: आयर्लंडचा राष्ट्रपती थेट निवडला जातो, तरी सरकार पंतप्रधानच चालवतो. उलट दक्षिण आफ्रिकेत दोन्ही पदं एकाच व्यक्तीकडे, आणि तिला निवडते तिथली संसद. नाव बघून पद्धत ठरवू नका, ही व्यक्ती कुणाच्या मताने घरी जाते ते बघा. जर्मनीत तर चॅन्सेलरला (तिथल्या पंतप्रधानाला) घालवायचं असेल तर त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडावा लागतो. 1982 मध्ये श्मिट गेले आणि कोल आले ते असेच.

आणि शुद्धलेखन. हिंदीत राष्ट्रपति, ऱ्हस्व. मराठीत राष्ट्रपती, दीर्घ. पण समास झाला की मराठीतही राष्ट्रपतिपद, राष्ट्रपतिभवन, पुन्हा ऱ्हस्व. आमच्याकडची पोरं दोन भाषांमध्ये अडकून नेमकं उलटं लिहितात. एकीने मागच्या महिन्यात एकाच पानावर चार तऱ्हेने लिहिलं होतं. मी चारही वेलांट्यांना लाल गोल केले, तर ती म्हणाली, 'सर, कोई एक तो सही होगा.'