वाळवीच्या कामाला निघताना पिशवीत काय हवं

पंप, ड्रिल, पाईप, औषध कोणी विसरत नाही. विसरतात ते सुटे कपडे. मागच्या उन्हाळ्यात मीही विसरलो आणि पाठीवर पाझरलेलं वाळवीचं औषध, क्लोरपायरीफॉस, तसंच घरी घेऊन गेलो. तेव्हा सगळ्यात आधी शर्ट, पँट, टॉवेल, साबण आणि पिण्याच्या पाण्याची स्वच्छ कॅन. गिऱ्हाइकाच्या नळाच्या भरवशावर राहू नका, मे महिन्यात तर नाहीच.

पंप पाठीवर घेण्याआधी नुसतं पाणी भरून दाब देऊन पाहा. झाकणाच्या वॉशरपाशी ओल दिसली की वॉशर बदला. चिंधी गुंडाळून भागवू नका! औषध फक्त नाकातोंडातून जातं असं पोट्ट्यांना वाटतं. आपल्या कामात ते कातडीतूनच जास्त जातं. शर्ट भिजला की लगेच काढा, साबणाने धुवा, दुसरा घाला. दुसरा असेल तरच ना? म्हणून सुटे कपडे.

हातमोजे नायट्राईल रबराचे, कापडी मोजे औषध शोषून हाताला धरून ठेवतात. चष्मा लागतोच, कॅनमधलं पातळ न केलेलं औषध ओतताना उडालेला थेंब सगळ्यात वाईट. मास्क कार्ट्रिजचा, म्हणजे वाफ शोषणारी डबी लावलेला. रुमालाने वाफ अडत नाही. पारा ४५ च्या वर गेला की हे सगळं फेकून द्यावंसं वाटतं, म्हणून काम पहाटेच लावा.

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीची पुडी, घरी ठेवा. हो, भाऊ, घरीच. औषधाच्या हाताने पुडी सोडायची आणि तेच बोट तोंडात घालायचं, मग मास्क कशाला लावला?

लेबलचा फोटो मोबाईलमध्ये. लाळ, घाम, उलटी, धूसर दिसणं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या तर ऊन लागलं म्हणून पन्हं पाजत बसू नका, दूधही नको. कपडे काढा, अंग धुवा, नागपुरातलं मेडिकल किंवा मेयो, म्हणजे सरकारी दवाखाना, गाठा आणि लेबल दाखवा. क्लोरपायरीफॉससारख्या औषधावर ॲट्रोपिन देतात, पण प्रत्येक औषधावर तो उतारा नाही.

कळमन्याच्या बाजारातल्या गोदामात सल्फासच्या, म्हणजे विषारी गॅस सोडून धान्यातली कीड मारणाऱ्या, गोळ्यांचं काम वेगळं. त्या गॅसला हा मास्क चालत नाही, शिकलेला माणूस सोबत नसेल तर जाऊच नका.

परत निघताना हातमोजे आधी धुवा, मग काढा. औषधाची रिकामी कॅन तीनदा खंगाळून भोक पाडा. भिजलेले कपडे वेगळ्या पिशवीत, घरच्या धुण्यात नाही. आणि गाडीला किक मारण्याआधी सुटे कपडे अंगावर.