फॅन्सी ड्रेसला बुरिन कशी करायची (डुक्करच, परी नको)

आमच्या इंदूरला गणपतीतल्या फॅन्सी ड्रेसमधे दरवर्षी तेच असतं, चार अहिल्याबाई, दोन झाशीच्या राण्या, एक झाड. म्हणून गेल्या वर्षी भाचीला बुरिन केलं आणि तेव्हापासून तिघी-चौघी वहिन्यांनी विचारलं कसं केलं, तर एकदाच लिहून टाकते.

आधी कोण ते. ‘तोंदे बुरिन’ ही 1994-95 ची अ‍ॅनिमे (जपानी कार्टून मालिका), 51 भाग, ताएको इकेदाच्या मुलींसाठीच्या मांगावरून (म्हणजे जपानी कॉमिक). बनवली निप्पॉन अ‍ॅनिमेशनने, म्हणजे आपल्या लहानपणी दूरदर्शनवर मोगली यायचा ना, तेच लोक. कारिन नावाच्या शाळकरी मुलीला सुपरहिरोइन व्हायचा चान्स मिळतो, तिला वाटतं आता आपण मस्त सुंदर दिसणार, आणि होते काय तर गुलाबी डुक्कर! उडणारं. तीच बुरिन. सगळी गंमत एवढ्यातच आहे, त्यामुळे लिपस्टिक, ग्लिटर, टिकल्या सगळं कपाटात ठेवा. गोंडस केलंत की जोक गेला.

नाक सगळ्यात महत्त्वाचं. चहाचा कागदी कप घ्या, बुडापासून दोन बोटं ठेवून बाकी कापून टाका, बुडालाच दोन लांबट भोकं पाडा (याच नाकपुड्या, आणि श्वासही यातूनच घ्यायचाय, तेव्हा कंजूसी नको), गुलाबी पोस्टर कलर मारा. कडेला सेलोटेप लावा नाहीतर गालाला टोचतं. मग बाजूंना भोकं पाडून इलॅस्टिक ओवायचं. आम्ही पहिल्यांदा थर्माकोलचं केलं होतं, गोंदाच्या वासाने पोरगी शिंकून शिंकून हैराण, नाक उडून आजीच्या पोह्यांत.

कान फोम शीटचे, हेअरबँडला स्टेपल करा, टोकं पुढे वाकलेली हवीत, सरळ ठेवले तर सगळे मांजर म्हणतात. शेपटीला तार पेन्सिलीवर गुंडाळून वर लोकर. फोम, तार खजुरी बाजारात मिळून जाते, कापड शीतलामाता बाजारात, पण भाद्रपदातली उमस बघता सुतीच घ्या. केपसाठी जुनी ओढणी चालते, रंग मात्र चित्र समोर ठेवून जुळवा.

हातात कॉम्पॅक्ट द्या, आईच्या पावडरची रिकामी डबी झकास. आणि गळ्यात मोत्यांची माळ, कारण कारिनला चांगली कामं करून 108 मोती जमवायचे असतात. 108 ऐकून आमच्या आजीने जपमाळच काढून दिली, वर म्हणाल्या डुक्कर का असेना, जप तर करतंय.

भाषण दोनच ओळींचं, ‘मला सुंदर व्हायचं होतं, झाले डुक्कर. आता आधी 108 कामं करते, मग बघू.’

अन् शेवटचं, माइकवाल्या काकांना आधीच सांगून ठेवा की नाव विचारायचं नाही. कारिनच बुरिन आहे हे गुपित फुटलं तर ती कायमची डुक्कर होणार असते. काकांनी प्रेमाने विचारलं, ‘बेटा, नाव काय तुझं?’ आणि आमचीने नाव, बाबांचं नाव, आडनाव, घर नंबरसकट सगळं सांगून टाकलं, मग आठवलं, आणि स्टेजवरच असं भोकाड पसरलं की खिरापत वाटेपर्यंत नाक काढू देईना.