इको की स्पोर्ट? बटण कधी दाबायचं

गाडीतल्या बटणाने ड्राइव्ह मोड (इको, नॉर्मल, स्पोर्ट) बदलल्याने बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत इंजिनाची ताकद वाढत नाही. बदलतो तो ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद. ऑटोमॅटिक असेल तर गिअर कधी पडतो तेही.

रोजच्या ऑफिसच्या वाटेवर, सिग्नल टू सिग्नल, इको खुशाल ठेवा. पाय जरा जोरात पडला तरी गाडी उसळत नाही. पेट्रोल वाचतं ते मुख्यतः त्यामुळेच. पाय मुळात हलका असेल तर फरक किरकोळ. काही गाड्यांत इकोमध्ये एसीही मंदावतो, तेव्हा मे महिन्यात चिडचिड होण्याआधी नॉर्मलवर या.

मोड बदलण्याचा खरा उपयोग घाटात. चार माणसं, सामान आणि समोर रखडलेला ट्रक असताना इकोत ओव्हरटेक करू नका: दाबलं तरी गाडी क्षणभर विचार करत बसते. आधीच स्पोर्ट लावा, ऑटोमॅटिकमध्ये गिअर खालचा राहतो. उतरताना मात्र मोडवर विसंबू नका. ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल किंवा ‘एल’मध्ये (म्हणजे खालच्या गिअरमध्ये) टाकून इंजिन ब्रेकिंग घ्या, म्हणजे इंजिनच वेग रोखून धरेल, नाहीतर ब्रेक तापतात.

कोकणातल्या लाल चिखलात ‘मड’ मोड असेल तर जरूर वापरा. बाकी वर्षभर नॉर्मल पुरे. निव्वळ मोडसाठी वरचं व्हेरियंट घेऊ नका.