मोटरहोममागच्या गाडीचे दिवे स्वतः जोडताना: तयारीची यादी

मोटरहोमच्या (आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या) मागे चारही चाकांवर गाडी ओढायची तर टोबार (ओढायचा दांडा) आणि बेसप्लेट (तो दांडा अडकवायची गाडीवरची पट्टी) दुकानातून बसवून घ्यावी. मोटरहोमचे ब्रेक आणि सिग्नल मागच्या गाडीच्या दिव्यांतही दिसावेत म्हणून करायचं वायरिंग मात्र घरच्या ड्राइव्हवेत, शनिवार-रविवारात होण्यासारखं काम आहे, फक्त सामान आणि डोकं दोन्ही आधी तयार पाहिजे. मागच्या वेळी माझ्याकडून ग्राउंड, म्हणजे करंट परत जायची जोडणी, राहिलं, म्हणून ही यादी लिहितोय. सगळं अमेरिकेतल्या मोटरहोम आणि गाड्यांना धरून आहे. ग्राउंड हा शब्द पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी दर वेळी वाचा.

आधी गाडीचं मॅन्युअल उघडा आणि ही गाडी चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढायला कंपनीची परवानगी आहे का ते बघा. होंडा सीआर-व्ही २०१४ च्या मॉडेलपर्यंत ओढता येत होती, २०१५ ला सीव्हीटी गिअरबॉक्स आला आणि ती परवानगी गेली. मॉडेलच्या नावावर जाऊ नका, वर्ष बघा. परवानगी नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

मग संध्याकाळी अंधार पडताना दोन्ही गाड्यांच्या मागे उभे राहा आणि घरातल्या कोणाला तरी आधी ब्रेक, मग टर्न सिग्नल द्यायला सांगा. ब्रेकचा लाल दिवाच टर्नला उघडझाप करत असेल तर ती एकत्र पद्धत. टर्नला वेगळा पिवळा दिवा असेल तर ती वेगळी पद्धत. दोन्हीकडे एकत्र असेल तर उत्तम. मोटरहोम एकत्र आणि गाडी वेगळी असेल तरी अडचण नाही. मोटरहोमचा सिग्नल फक्त लाल दिव्यांना द्यायचा, पिवळ्यांना हात लावायचा नाही, टर्न लाल दिव्यातच दिसेल. मोटरहोम वेगळी आणि गाडी एकत्र असेल तर मध्ये कन्व्हर्टर, म्हणजे ब्रेक आणि टर्नचे सिग्नल एकत्र करणारी डबी, हवाच. ब्रेकची आणि टर्नची वायर पिळून एकत्र बांधली की काम होईल असं वाटतं. होत नाही, उलट मोटरहोमचा फ्लॅशर (सिग्नलची उघडझाप करणारा भाग) आणि ब्रेकलाइट एकमेकांत शिरतात. काचेतल्या तिसऱ्या ब्रेकलाइटचा विचार सोडून द्या.

आता पद्धत ठरवा. चुंबकावर बसणारे सुटे दिवे दर वेळी लावा-काढा करायचे, रंगावर ओरखडे पडतात, पण वर्षातून एखाद्या वेळी ओढणाऱ्याला ते पुरतात. दुसरा मार्ग, गाडीच्या टेललाइटच्या डब्यात भोक पाडून जादा बल्ब बसवायचा. गाडीच्या वायरिंगला अजिबात हात लागत नाही हा त्याचा मोठा फायदा. पण डब्यात जागा हवी, आणि एलईडीचे सीलबंद डबे असतील तर हा मार्ग बंद. तिसरा मार्ग डायोडचा. मी तो घेतो. डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे मोटरहोमकडून आलेला करंट बल्बला मिळतो पण उलटा वर चढून गाडीच्या ब्रेकस्विचकडे किंवा कॉम्प्युटरकडे जात नाही. डायोड न लावता नुसती वायर जोडली तर डावा सिग्नल दिला की करंट ब्रेकच्या सर्किटमधून फिरून उजवा दिवाही लावतो, आणि आजकालच्या गाड्यांत दिवे चालवणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जळायची भीती वेगळीच. एकत्र पद्धतीला साधारण चार डायोड लागतात: दोन्ही बाजूंचे टेल (हेडलाइटबरोबर सतत लागणारा मंद लाल दिवा) आणि दोन्ही बाजूंचे ब्रेक-टर्न. एलईडी दिव्यांचा सिग्नल मॉड्यूलमधून येत असेल तर डायोड आणण्याआधी तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेली हार्नेस (तयार वायरिंगचा जुडगा) मिळते का ते शोधा.

सामान. पकड, पाने, स्क्रूड्रायव्हर धरून चाललोय. क्रिंपर (कनेक्टर चेपायचं अवजार) चांगला घ्या, पकडीने चेपलेले सांधे रस्त्यावरच्या थरथरीत सुटतात. कनेक्टर गरम केल्यावर आकसून बंद होणारे, आतून गोंद असलेले. वायरवर चिमटा लावून दाबायचे ते झटपट कनेक्टर किटमध्ये फुकट येतात. ते बाजूला ठेवा, त्यांच्यात पाणी शिरतं आणि अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे तर तांबं हिरवं व्हायला फार वेळ लागत नाही. वायर बारीक तारांची, गाडीसाठीचीच. घराच्या भिंतीतली एकसंध तांब्याची वायर इथे चालत नाही, हलून हलून तुटते. सिग्नलसाठी १६ गेज पुरते. ग्राउंडसाठी १४ किंवा १२ गेज. आकडा लहान म्हणजे वायर जाड, हे दुकानात उभे असताना विसरू नका. शिवाय वायर आत घालायला लांबीभर चीर असलेली प्लॅस्टिकची नळी, झिप टाय, रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसणारी कडी), डायइलेक्ट्रिक ग्रीस (सांध्यांत पाणी शिरू न देणारं), १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प (करंट आला की पेटणारा), मल्टीमीटर. आणि ग्राउंडसाठी रिंग टर्मिनल (वायरच्या टोकाला बसणारी धातूची कडी), दातेरी वॉशर, तारेचा ब्रश, सँडपेपर. या चार वस्तू वेगळ्या पिशवीत घालून समोर ठेवा.

ग्राउंडची वायर जाड का, ते समजून घ्या. जुना ११५७ नंबरचा साधा बल्ब ब्रेकला सुमारे २ अँपिअर खातो आणि टेलला अर्ध्या अँपिअरहून थोडा जास्त. डाव्या वायरमधून फक्त डाव्या बल्बचा करंट जातो. परत येताना मात्र सगळ्यांचा करंट त्या एका पांढऱ्या वायरमधून येतो, म्हणजे टेल चालू आणि ब्रेक दाबलेला असताना ५ अँपिअरच्या वर. ती बारीक असेल, किंवा तिचं टोक रंगावर टेकवलेलं असेल, तर करंट दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. मग ब्रेक दाबला की टेल मंद होतो, उजवा सिग्नल दिला की डावीकडेही लुकलुकतं, आणि आपण डायोड, फ्यूज, फ्लॅशर बदलत बसतो.

गाडीला हात लावण्याआधी मोटरहोमचा मागचा सॉकेट तपासा. टेस्ट लॅम्प घेऊन एकेक पिन बघा आणि कागदावर लिहा. रंगांवर विश्वास ठेवू नका. ट्रेलरच्या रंगसंगतीत पांढरी ग्राउंड, तपकिरी टेल, पिवळी डावी, हिरवी उजवी. मोटरहोमवाल्यांच्या रंगसंगतीत हिरवी टेल, लाल डावी आणि तपकिरी उजवी. तीच तपकिरी वायर एकीकडे टेल, दुसरीकडे उजवा सिग्नल! आधीच्या मालकाने काय केलंय ते तर कोणालाच माहीत नसतं. टेस्ट लॅम्पचा चिमटा मोटरहोमच्या चासीला लावून नाही, सॉकेटच्या पांढऱ्या पिनला लावून तपासा. चासीला लावला तर सगळं छान दिसेल आणि मोटरहोमकडचंच ग्राउंड खराब असेल तर ते कळणारच नाही.

केबल सहसा मोटरहोमकडे सात पिनची आणि गाडीकडे सहा पिनची गोल असते. गाडीकडचा सॉकेट बेसप्लेटजवळ घट्ट बसवा. गुंडाळीची केबल घ्या, म्हणजे वळताना ताणली जाते आणि सरळ जाताना रस्त्याला घासत नाही.

वायर पुढून मागे नेताना सायलेन्सरपासून लांब, सस्पेन्शनच्या हलत्या भागांपासून लांब. ब्रेकच्या किंवा इंधनाच्या नळीला झिप टायने बांधू नका. हायब्रिड गाडी असेल तर नारिंगी केबलच्या जवळपासही जाऊ नका, ती हाय व्होल्टेजची असते. पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट हवाच. पूर्ण वायर नळीत घाला. मागे टेललाइटपाशी फूटभर जास्त ठेवा, पुढे कधीतरी बल्ब बदलायचा असतो.

डायोड टेललाइटच्या जितका जवळ तितकं बरं. गाडीची वायर कापायची, गाडीकडचं टोक एका इनपुटला, मोटरहोमकडची वायर दुसऱ्या इनपुटला, बल्बकडचं टोक आउटपुटला. कापण्याआधी त्याच वायरवर टेस्ट लॅम्प लावून ती खरंच ब्रेकची आहे का बघा, मगच कात्री.

आता पुन्हा ग्राउंड. पांढरी वायर सॉकेटपासून निघून गाडीच्या बॉडीला जोडायची, शक्यतो टेललाइटच्या कारखान्यातल्या ग्राउंड पॉइंटवर. जीप रँग्लरसारख्या गाडीत बॉडी वेगळ्या चासीवर रबराच्या माउंटवर बसलेली असते, त्यामुळे चासीच्या कुठल्याही बोल्टला लावून भागेल असं धरू नका. जागा निवडा, रंग खरवडा, पत्रा चकाकेपर्यंत घासा. रिंग टर्मिनल, दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट, वरून ग्रीस. रंगावर बसवलेलं टर्मिनल म्हणजे ग्राउंड नव्हे. टोबारमधून ग्राउंड मिळतंच की, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. टोबारच्या सांध्यांत ग्रीस असतं, रंग असतो, गंज असतो. उभ्या गाडीत तो टेकतो आणि दिवे लागतात. रस्त्यावर धक्का बसला की सुटतो, आणि मागचा ट्रकवाला आपला ब्रेक पाहत नाही.

म्हणून ही एक परीक्षा, हिच्याशिवाय काम झालं म्हणू नका: टोबार सोडा, सेफ्टी चेन किंवा केबलही सोडा, दोन्ही गाड्यांत धातूचा एकही दुवा ठेवू नका. फक्त दिव्यांची केबल लावा. आता दिवे लागले तर ग्राउंड खरं. टोबार जोडल्यावरच लागत असतील तर ग्राउंड नाही. पूर्णविराम. चेन सोडायला विसरलात तर परीक्षा फुकट जाते, कारण चेनमधूनही करंट परत येतो.

सुटं सुटं तपासून थांबू नका. हेडलाइट चालू, ब्रेक दाबलेला, सिग्नल चालू, तिन्ही एकदम, आधी डावीकडे मग उजवीकडे. एकेक दिवा लावून बघितला तर कमजोर ग्राउंडसुद्धा पास होतं. तिन्ही एकदम लावल्यावरच ते उघडं पडतं. मल्टीमीटर असेल तर त्याच वेळी टेललाइटचं ग्राउंड आणि मोटरहोमच्या सॉकेटची पांढरी पिन यांच्यात व्होल्टेज मोजा. चांगल्या जोडणीत ते व्होल्टच्या काही दशांशांत राहतं. एक व्होल्टच्या आसपास गेलं तर कुठला तरी सांधा उघडून पुन्हा करा.

गाडीत जादा ब्रेकची पेटी बसवली असेल, पेडल दाबणारी, तर अजून एक भानगड. पेडल दाबलं की गाडीचा स्वतःचा ब्रेकलाइट लागतो आणि एकत्र पद्धतीत मोटरहोमकडून येणारी उघडझाप त्यात बुडते. ब्रेक दाबून वळताना सिग्नल दिसत नाही. त्याला रिले मिळतो, ओढताना गाडीच्या ब्रेकस्विचची वायर तोडणारा. तो लावा आणि गाडी एकटी चालवताना ब्रेकलाइट परत लागतो ना, ते बघा.

बॅटरी उतरू नये म्हणून चार्जची वायर टाकणार असाल तर दोन्ही टोकांना फ्यूज. मोकळ्या पार्किंगमध्ये दोन्ही बाजूंना पूर्ण वळून केबल ताणत नाही ना बघा, फक्त पुढे जात. अशी जोडलेली गाडी रिव्हर्स घ्यायची नसते. सुटे फ्यूज, दोन बल्ब, टेस्ट लॅम्प मोटरहोममध्येच ठेवा. पहिल्या शंभर मैलांनंतर थांबून झिप टाय आणि ग्राउंडचा बोल्ट हाताने बघा. पुढे दर वेळी गाडी जोडली की तिन्ही दिवे एकदम लावून एक फेरी मागे मारा, आणि केबल काढून ठेवताना सॉकेटचं झाकण बंद करा.