हर्णैला फोटो काढायला जाताय? आधी तिथी बघा

पहिल्यांदा सांगतो की मी काही फोटोग्राफर बिटोग्राफर नाही, साधा मोबाईल आहे आणि हौस आहे, पण आत्याचं घर दापोलीत असल्यामुळे हर्णै बंदर नि आजूबाजूचे बीच वर्षातून तीन-चारदा होतातच. सुरुवातीची दोन वर्षं माझे सगळे फोटो सारखेच यायचे, वर पांढरंफटक आकाश, खाली राखाडी पाणी, मध्ये काळा ठिपका म्हणजे समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला. मग आत्या एकदा म्हणाली, "अरे अष्टमीला कशाला गेलास, ओहोटी बघून जायचं की." तेव्हा डोक्यात उजेड पडला.

तर हिशोब असा की तिथीला पाऊणपट करायची, जे येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा नि संध्याकाळी साडेसहाच्या आसपास भरती. पौर्णिमा म्हणजे १५, तर सव्वा अकरा. कृष्ण पक्षातही परत एकपासूनच मोजायचं, अमावास्याही १५च धरायची. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे खडकांवर लांब आत जाणार असाल तर नेटवर भरतीचं टाइमटेबल बघाच, पण घरी बसून ट्रिप ठरवायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

आता याचा फोटोशी काय संबंध? पौर्णिमा-अमावास्येला दुपारी भरती म्हणजे संध्याकाळी साडेपाचला ओहोटी, त्यात उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे जातं, आणि नेमका थंडीत सूर्य सहाच्या आसपास बुडतो. मग मुरुडला नाहीतर कर्द्याला (हे मुरुड दापोलीचं हां, महर्षी कर्व्यांचं, जंजिऱ्याचं नाही, गूगलवर टाकून भलतीकडे पोचलेले लोक मी पाहिलेत) सगळी ओली वाळू आरशासारखी चमकत असते आणि माणूस, कुत्रा, घोडागाडी काहीही उभं करा, खाली त्याचं उलटं प्रतिबिंब फुकट मिळतं. फक्त मोबाईल गुडघ्याच्या खाली, जवळजवळ वाळूला टेकवून धरा, उभं राहून काढलात तर निम्मी मजा गेली. मे महिन्यात सूर्य सातला बुडतो म्हणून तेव्हा पौर्णिमेपेक्षा प्रतिपदा जास्त जमते. अष्टमीच्या आसपास भांग असतो (उधाणाच्या उलट, पाणी कमी चढतं नि कमी उतरतं), संध्याकाळी पाणी वर आलेलं पण जोर नाही, तेव्हा आरसा नाही नि लाटाही नाहीत, त्या दिवशी सरळ अंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जा आणि वरून समुद्राचे फोटो काढा.

अजून एक, जे मला फार उशिरा कळलं. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणून सगळे सनसेटच्या मागे, पण सुवर्णदुर्ग बघायचा तर सकाळी. सूर्य तुमच्या पाठीमागून येतो आणि तटबंदीवर सरळ पडतो, दगड न दगड दिसतो. संध्याकाळी तोच किल्ला नुसती काळी सावली. २०२५ला युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले त्यात हा पण आहे, त्यामुळे लोक येतात, पण येतात दुपारी बाराला, आणि मग फोटो धुरकट आले म्हणून मोबाईलला शिव्या. किनाऱ्यावरच्या कनकदुर्ग किल्ल्यावर दीपगृह आहे तिथून बंदर आणि किल्ला दोन्ही एका फ्रेममध्ये बसतात. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठायची तयारी असेल तर चंद्र समुद्रात बुडताना मिळतो, हा फोटो सहसा कोणाकडे नसतो कारण सगळे झोपलेले असतात.

बंदरावरचा लिलाव हा वेगळाच प्रकार. दुपारी चारनंतर गर्दी वाढते, होड्या येतात, टोपल्या, बर्फ, आरडाओरडा, पाण्यात शिरलेल्या बैलगाड्या दिसल्या तर नशीब समजा आणि बाकी सगळं सोडून आधी ते काढा. इथे मासे ओले नि चकचकीत असतात, पापलेटवर ऊन पडलं की फोटोत नुसता पांढरा डाग येतो, म्हणून स्क्रीनवर माशावर बोट ठेवायचं आणि ब्राइटनेस खाली ओढायचा, थोडा काळपट वाटला तरी चालेल, घरी उजळता येतो, पांढरा झालेला परत येत नाही. सनसेटलाही हेच, आकाशावर बोट ठेवा. ग्रिड ऑन करून ठेवा नाहीतर समुद्र एका बाजूला सांडतो. आणि झूम करू नका, चार पावलं पुढे जा, पण लिलावाच्या रिंगणात घुसून नाही, तिथे लोकांच्या पोटापाण्याचा धंदा चाललेला असतो, माझ्या पायात एकदा टोपली आली नि जे काही ऐकलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माणसांचे फोटो विचारूनच. "मावशी, एक फोटो काढू का?" एवढंच. नाही म्हणाल्या तर हसून पुढे. अर्धा किलो बांगडे घेतलेत तर बहुतेक नाही म्हणत नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा लिलाव शोधत जाऊ नका, त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, रंग, दोरखंड, जाळी दुरुस्त करणारी माणसं, तेही झकास येतं, फक्त पावसाची पिशवी न्या.

लेन्स दर दहा मिनिटांनी पुसा. खारा वारा काचेवर थर धरतो आणि सगळं धुक्यातलं दिसायला लागतं. शर्टाच्या टोकाने नाही, वाळूचे कण असतात, चष्म्याचं मऊ फडकं न्या. खोलीवर आल्यावर किंचित ओल्या फडक्याने पूर्ण फोन पुसा, चार्जिंगच्या भोकात खार बसला तर केबल लागेनाशी होते, माझा एक फोन असाच गेला.

आणि ज्यांचा फोटो काढला त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा. माझ्याकडे एक नंबर "मावशी बांगडा हर्णै" नावाने सेव्ह आहे. त्यांना फोटो पाठवला तर रिप्लाय आला, बांगडे चांगले आलेत, माझं जाऊ दे.